‘स्वतःच्या समाजावर पीएचडी करू नको’ असं गाईड म्हणाले तर काय करावं?

प्रश्न: मॅडम, मी उत्तर नागपुरात राहते. समाजशास्त्रात एम.ए. झालंय, नेट परीक्षाही पास झालेय. माझी आई २० वर्षांपासून धरमपेठ-रामदासपेठेत धुणीभांडी करते. मला घरकाम करणाऱ्या बायांवरच पीएचडी करायची आहे. ज्या सरांकडे गेले ते म्हणाले, ‘स्वतःच्याच लोकांवर केलंस तर वस्तुनिष्ठता राहणार नाही. समता, समावेशन हे कार्यकर्त्यांचं काम, अभ्यासकाचं नव्हे.’ हे बरोबर आहे का? विद्यापीठात राहून असं काम करणारे लोक नेमकं काय करतात?

उत्तर:

तुझा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस डोक्यातून गेलेला नाही. तुला ‘तू’ म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस.

मी नागपुरात ३१ वर्षं समाजशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं पीएचडीला मार्गदर्शन केलं. ‘वस्तुनिष्ठता राहणार नाही’ हे वाक्य मी विषय-मान्यतेच्या बैठकांमध्ये कितीदा ऐकलं त्याची मोजदाद नाही, पण ते कोणाला ऐकवलं जातं हे नीट लक्षात आहे. धरमपेठेत वाढलेल्या मुलाने मध्यमवर्गीय कुटुंबातल्या बदलत्या मूल्यांवर विषय मांडला तेव्हा ‘हे तर तुझेच लोक’ असं कोणी म्हटलं नाही. तोच प्रश्न वस्तीतून आलेल्या मुलीला मात्र पहिल्या पाच मिनिटांत येतो. सरांच्या शंकेत थोडं तथ्य आहे, त्याकडे पुढे येते. पण ती शंका सगळ्यांना सारखी लागू होत नाही, आणि ती कोणाला लागू होते हाच तुझ्या क्षेत्रातला अभ्यासाचा विषय आहे.

वस्तुनिष्ठता संशोधकाच्या जन्मातून येत नाही, ती अभ्यासाच्या रचनेतून येते. डॉ. सुखदेव थोरात आपल्या अमरावती जिल्ह्यातले, २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी ६६ आठवडे अर्ज पाठवले, ५४८ जाहिरातींना मिळून ४,८०८ अर्ज. पात्रता सारखीच, बदल फक्त नावात: एक सवर्ण हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. संख्याशास्त्रात ज्याला ऑड्स म्हणतात त्या हिशेबाने, सवर्ण नावाला १ धरलं तर बोलावणं येण्याचं माप दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं. थोरात स्वतः दलित समाजातले आहेत. म्हणून हे आकडे बाद होतात का? कोणीही तीच रचना वापरून पुन्हा अर्ज पाठवू शकतो आणि त्यांना चूक ठरवू शकतो. वस्तुनिष्ठतेचा एवढाच अर्थ मला कळतो. दुसऱ्याला तुझी चूक काढता आली पाहिजे.

आडनावाची ही गोष्ट नागपुरात त्याआधी एका बाईने स्वतःच्या आयुष्यातून लिहून ठेवलेली आहे. कुमुद पावडे यांचं नाव ऐकलं असशील, २०२३ साली त्या गेल्या. नागपूरच्या महार कुटुंबातली ही मुलगी संस्कृतात एम.ए. झाली आणि पुढे संस्कृतची प्राध्यापक झाली. शाळेत गोखले गुरुजींनी कुठलाही किंतु न ठेवता तिला संस्कृत शिकवलं, हे त्यांनी कृतज्ञतेने लिहिलं आहे. पण पदवी मिळूनही नोकरी मिळेना. ती मिळाली लग्नानंतर, सोमकुवर आडनाव जाऊन पावडे आडनाव लागल्यावर. पदवी तीच आणि बाई तीच, हे त्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये कसलाही आडपडदा न ठेवता मांडलं. ते पुस्तक १९८१चं. थोरातांचे आकडे २६ वर्षांनी आले, पण पावडेबाईंच्या त्या अनुभवात त्या आकड्यांमागचं गृहीतक तयारच होतं. संस्कृत विभागात फळ्यासमोर उभं राहणं हेच त्यांचं समतेचं काम होतं, आणि ते रोज वर्गात होत होतं.

आता याच शहरातली दुसरी संस्कृतची बाई. डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी नागपूर विद्यापीठात संस्कृत शिकवायच्या. त्यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली. तुझा विषय जिथून सुरू होतो तिथे विद्यापीठातली एक बाई कित्येक दशकांपूर्वी जाऊन पोचली होती. तिचं शिक्षण प्राचीन ग्रंथांचं होतं आणि बसणं-उठणं भांडी घासणाऱ्या बायांमध्ये. सर म्हणाले ना, हे कार्यकर्त्यांचं काम? त्यांना हे उदाहरण सांग, भांडण म्हणून नको, माहिती म्हणून. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याच्या मागे अशा संघटनांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे आहेत आणि बायांच्या कामाची, तासांची, पगाराची जमवलेली माहिती आहे. माहिती जमवणं हे अभ्यासकाचंच काम आहे. तुझं पूर्वसाहित्याचं प्रकरण परदेशी सिद्धान्तांपासून सुरू करू नको, या संघटनेच्या पत्रकांपासून आणि मागणीपत्रांपासून कर. ती ग्रंथालयात मिळणार नाहीत. बायांच्या घरी, पेटीत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळतील.

हे मी अंदाजाने सांगत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब स्वतः बोलले होते, हजारो बाया आल्या होत्या. तरी कित्येक वर्षं चळवळीच्या इतिहासात या बाया जवळजवळ नव्हत्याच. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार वही घेऊन एकेका म्हाताऱ्या कार्यकर्तीच्या घरी गेल्या, त्यांचं बोलणं उतरवून घेतलं, तेव्हा १९८९ साली तो इतिहास पुस्तकात आला. पुढे विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी याच दोघींच्या कामावर पाय देऊन लिहिलं. आणखी १० वर्षं उशीर झाला असता तर सांगायला त्यातल्या किती बाया उरल्या असत्या, कोण जाणे.

‘आपलेच लोक’ या मुद्द्यावर मराठी मुलुखातल्या दोन अभ्यासकांचा वाद तुला उपयोगी पडेल. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली मांडलं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात आणि त्यांच्या वतीने इतरांनी बोलणं पुरेसं नाही. २००२ साली त्यांनी आणखी टोकदार प्रश्न विचारला: आपल्या समाजशास्त्रांत काही लोक सिद्धान्त मांडणारे आणि काही लोक फक्त माहिती गोळा करणारे, अशी वाटणी का आहे, आणि ती वाटणी जातीबरहुकूम का आहे? पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९८ साली गुरूंचा मुद्दा मानून पुढचं पाऊल टाकलं. दलित स्त्रीच्या जागेवरून दिसणारं जग बाकीच्यांनाही शिकता येतं, मात्र त्यासाठी आपली जुनी समज मोडून पुन्हा घडवावी लागते, असं त्यांचं म्हणणं. हे तिन्ही लेख मूळातून वाच. मला रेगेंचं म्हणणं जास्त पटतं, कारण मी स्वतः बाहेरून आत गेलेली आहे. पण तुझ्यासाठी गुरूंचा २००२चा लेख महत्त्वाचा. तू फक्त ‘माहिती देणारी मुलगी’ म्हणून या खात्यात शिरू नको. तुझ्या आईच्या पिढीने जे भोगलं त्याला नाव देण्याचा, त्यावर सिद्धान्त बांधण्याचा अधिकार तुझा आहे.

आता सरांच्या शंकेतलं तथ्य. जवळच्या माणसाला काही गोष्टी दिसतच नाहीत, कारण त्या रोजच्या असतात. आणि समोरची बाई अर्ध्यात थांबते, म्हणते, ‘तुले तं माहीतच हाय.’ ही तुझी खरी अडचण असेल. यावर माझ्या एका विद्यार्थिनीने छान उपाय काढला होता. ती म्हणायची, ‘मावशी, मला माहीत आहे, पण हे ज्यांना माहीत नाही ते वाचणार आहेत, त्यांना सांगा.’ मग मावशी त्या न दिसणाऱ्या वाचकाला समोर बसवून बोलायची आणि सगळं तपशिलात यायचं. शिवाय ‘स्वतःचा समाज’ म्हणजे कोण, हेही पाहा. नागपुरात घरकाम करणाऱ्यांत बौद्ध बाया आहेत, गोंड आहेत, हलबा आहेत, छत्तीसगढहून आलेल्या आहेत, मुस्लिम आहेत. तू यांतल्या फार तर एका घरातली. बाकी सगळीकडे तूही पाहुणीच.

माझ्या स्वतःच्या प्रबंधाची गोष्ट सांगते, कारण त्यातून मी हे काम शिकले. नव्वदच्या दशकात माझा विषय होता कामठीच्या विडी वळणाऱ्या बाया. कामठी ही बाबू हरदासांची, त्यांनी तिथल्या विडी कामगारांना संघटित केलं होतं, त्यामुळे तिथे जुनी स्मरणशक्ती असलेली माणसं भेटायची. मी नोंदवह्यांतून हजारी दर घेतला, बाई आठवड्याला किती हजार विड्या देते ते घेतलं, गुणाकार केला आणि मजुरीचं कोष्टक तयार केलं. तक्ता नीटनेटका होता. गाईडना आवडला. मी आपली हौस म्हणून ते प्रकरण कामठीला नेऊन बायांना वाचून दाखवलं. १५-१६ बाया, कोणाच्या मांडीवर सूप, हात चालूच. तक्ता ऐकून झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, ‘बाई, तुमी हजाराचा हिसोब लिवला. मंग छाट कोनाच्या घरी गेली?’

छाट म्हणजे सट्टेदाराने, म्हणजे विड्या वळून घेणाऱ्या कंत्राटदाराने, खराब म्हणून बाजूला काढलेली विडी. तिचे पैसे नाहीत, आणि ती विडी परतही मिळत नाही. म्हणजे हजाराचे पैसे मिळायला बाई हजाराहून जास्त वळते. वर पान कमी पडलं तर पदरचं आणते. यातलं काहीच नोंदवहीत नव्हतं, म्हणून माझ्या तक्त्यात नव्हतं. मी शिकलेली, बाहेरची, ‘वस्तुनिष्ठ’, आणि माझा तक्ता सट्टेदाराच्या बाजूने खोटं बोलत होता. त्या प्रकरणाचं काम मी ४ महिने पुन्हा केलं. प्रत्येक बाईकडे बसून वळलेली विडी आणि स्वीकारलेली विडी वेगवेगळी मोजली. त्या आजीचं नाव छापायला तिने नकार दिला, म्हणून तळटीपेत ‘कामठीतील वाचनाच्या बैठकीत झालेली दुरुस्ती’ असं लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकी तीच तळटीप उचलली आणि अर्धा तास त्यावर बोलत राहिले.

तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना माझी एक अट असते: एकही प्रकरण वस्तीत वाचून दाखवल्याशिवाय माझ्याकडे आणायचं नाही. तू विचारलंस, विद्यापीठातले असे लोक नेमकं काय करतात. माझ्या मते ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना ते लिखाण दुरुस्त करता येईल अशी सोय करतात. ती सोय ज्या प्रबंधात नाही, त्याच्या नावात ‘वंचित’ हा शब्द चार वेळा असला तरी मला त्याचं कौतुक वाटत नाही. त्यासाठी प्रबंध मराठीत लिहावा लागला तर मराठीत लिही. इंग्रजीतच लिहायचा असेल तर प्रत्येक प्रकरणाचा चार पानी मराठी गोषवारा आधी कर.

तुझ्या विषयाबद्दल आता माझी सूचना. ‘नागपूर शहरातील घरेलू कामगार महिलांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अध्ययन’ असं शीर्षक देऊ नको. अशा शीर्षकांचे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात रांगेने उभे आहेत आणि त्यांत बाईच्या समस्या असतात, समस्या निर्माण करणारं घर नसतं. तू दाराच्या दोन्ही बाजूंना जा. मालकिणींच्या मुलाखती घे. काम ठरवताना पहिला प्रश्न कोणता विचारतात? नागपुरात तो बहुधा ‘आडनाव काय?’ हाच असतो, हे तुला मी सांगायला नको. मग त्या आडनावावरून बाई घरात कुठपर्यंत येते ते पाहा. झाडू-पोछा कोणाला, भांडी कोणाला, संडास-बाथरूम कोणाला आणि पोळ्या लाटायला कोणाला? स्वयंपाकाच्या बाईचा आणि भांड्याच्या बाईचा पगार तासावर मोजला तर किती फरक पडतो? कप वेगळा आहे का? असला तर कुठे ठेवलेला असतो? खाडे किती धरतात, उचल दिली तर ती कशी फेडून घेतात? हे सगळं मोजता येतं, आणि मोजलं की सरांचा वस्तुनिष्ठतेचा प्रश्न आपोआप मागे पडतो. थोरातांनी अर्जावरचं नाव बदलून जे पाहिलं ते तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाहशील. मालकिणींशी बोलायला तुला जड जाईल. ‘कोणाची मुलगी?’ असंही विचारतील. तेव्हा खरं सांगायचं की नाही, हे आधी गाईडशी बोलून ठरव. पण लपवायचं ठरवलंस तर प्रबंधात तसं नोंदव, आणि का तेही.

काही बारीक गोष्टी, ज्या पद्धतीशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाहीत. मुलाखत मालकिणीच्या घरात कधीच घेऊ नको, फाटकाशीही नको. दुपारी २ ते ४च्या मध्ये, दोन घरांच्या फेऱ्यांमधला जो वेळ असतो तो बाईचा एकमेव निवांत वेळ असतो. तो तू घेणार असशील तर त्याचं काहीतरी द्यावं लागेल. पैसे द्यावेत की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी बस-रिक्षाचं भाडं आणि चहा-नाश्ता नक्की देते, शिवाय घरेलू कामगार मंडळाच्या नोंदणीचा अर्ज भरून देणं, बँकेचं पासबुक वाचून देणं अशी कामं करते. कॉलनीचं नाव, घराच्या खुणा, मालकाचा व्यवसाय यांची सरमिसळ कर. पाच घरांच्या गल्लीत ‘डॉक्टरांकडे काम करणारी बाई’ एवढं लिहिलंस तरी तिचं काम जाऊ शकतं.

गाईडबद्दल. या सरांवर राग धरू नको, पण त्यांच्याकडे नोंदणीही करू नको. ज्याला विषयच पटलेला नाही असा मार्गदर्शक ५ वर्षं तुला समजावत राहील. दुसऱ्या विभागात शोध: अर्थशास्त्र, स्त्री-अभ्यास, आंबेडकर विचारधारा. भेटायला जाताना ४ पानी आराखडा घेऊन जा, आणि त्यात मालकिणींच्या मुलाखती ठळकपणे असू देत. आराखड्यात दोन्ही बाजू दिसल्या की समितीतल्या बऱ्याच लोकांचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

नियमांचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना आणखी २ वर्षं मिळू शकतात, आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. मुलींना हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगितलं. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली नसेल तर पुन्हा परीक्षा दे. १ जानेवारी २०२३ पासून त्याचे महिन्याला ३७,००० रुपये आहेत. नाही तर तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, महाज्योती, सारथी किंवा टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या योजना बघ, महाज्योतीचं कार्यालय तर नागपुरातच आहे. तू आडनाव लिहिलेलं नाहीस, आणि मी विचारणार नाही. पण पैसे वेळेवर येतील असं गृहीत धरून घरचं गणित मांडू नको. निदान ६ महिन्यांची सोय हवी. तोवर तासिका तत्त्वावर शिकवणं मिळालं तर घे, फक्त आठवड्यातले २ दिवस क्षेत्रकार्यासाठी राखून ठेव.

आणखी एक, पुढे नोकरी लागल्यावरचं. २०१२ साली आयोगाने समतेविषयी नियम केले, त्यात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद होती. अशा समित्यांचं काम बहुतेक ठिकाणी तुझ्यासारख्यांच्याच गळ्यात पडतं. विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणं, वसतिगृहाचे वाद, अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळवून देणं, गडचिरोलीहून आलेल्या माडिया मुलाला मराठी-इंग्रजी दोन्हींतून वाट काढून देणं. हे काम फार मोलाचं आहे आणि मी ते आनंदाने केलं. पण बढतीच्या वेळी त्याला कोणी विचारलं नाही. तुला सांगते, पहिल्या दिवसापासून त्याची नोंद ठेव: तारीख, तास, काय केलं. आणि ते कामाच्या तासांत धरा असं लेखी माग. मी ते फार उशिरा मागितलं.

आता सुरुवात कशी करायची. आईची मुलाखत पहिली घेऊ नको, ती शेवटी घे. आधी तिला फक्त एक विचार: २० वर्षांत किती घरं धरली, किती सोडली आणि प्रत्येक वेळी का. ती सांगत जाईल तसं एका मोठ्या कागदावर वर्षाप्रमाणे मांडत जा, म्हणजे तुझ्या प्रश्नावलीचा पहिला मसुदा तयार होईल. मग तो कागद आईला परत वाचून दाखव, आणि ती म्हणेल ‘हे असं नाही’ तिथे लाल पेनाने खूण कर. तो कागद आणि ४ पानी आराखडा घेऊन माझ्याकडे ये. दिवाळीनंतरच्या कुठल्याही शनिवारी दुपारी मी घरी असते.